गिल्बर्टचा वारस

सर्वपित्री अमावास्येला बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत कावळा मिळत नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कावळे भरपूर आहेत. पण तेच हट्टाला पेटले, तर माणसाने करायचं काय?

सुलेखाने सकाळीच इंडियन स्टोअरमधून केळीची पानं आणली. सातवा महिना, पाठ दुखत होती, तरी गेली. वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तिच्या बाळंतपणासाठी अमेरिकेतल्याच नोव्हायहून आलेल्या आईला, शुभाताईंना, कागदी प्लेटवर वाढलेलं पान चालत नव्हतं.

लोकांच्या वंशावळी शोधणं हा सुलेखाचा व्यवसाय. सध्या बॉस्टनचं एक श्रीमंत घराणं तिच्या गळ्यात पडलं होतं. साडेनऊशे वर्षांपूर्वीचा नॉर्मन सरदार गिल्बर्ट द व्होक्रे हा आपला मूळपुरुष, असं त्यांना सिद्ध करून हवं होतं. सुलेखाला सापडलं ते भलतंच. हा गिल्बर्ट ड्यूकबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडात लढला, तिथे जमिनी मिळवल्या. परत आला तो थोरला भाऊ वारलेला. तेव्हा घराण्याचा किल्ला आपल्याला मिळावा म्हणून त्याने भावाची तीन पोरं विहिरीत ढकलली. ह्यू, राउल आणि ओडो. धाकटा दोन वर्षांचा. कागदपत्रांतून त्यांची नावंसुद्धा खरवडून टाकली; एका मठाच्या जुन्या वहीत तेवढी उरली होती. पुढे त्याने तीन लग्नं केली, पण त्याचं एकही मूल वर्षापलीकडे जगलं नाही. मरताना म्हणे तो फक्त वारस मागत होता.

दुपारी शुभाताईंनी घरामागच्या लाकडी डेकवर पान ठेवलं. मेपलच्या झाडावर कावळा बसला, पण खाली येईना.

"अहो, या ना," शुभाताई हात जोडून म्हणाल्या. "सुलूची काळजी करू नका. मी आहे."

कावळा ढिम्म.

"आई, दीड वाजला. मला जाम भूक लागलीये, यार." आईने टेबल रिकामं करायला सांगितल्यामुळे गिल्बर्टच्या वंशावळीचं भेंडोळं सुलेखाच्या हातातच होतं. तेच तिने कावळ्याकडे रोखलं. "ज्याची कोणाची इच्छा राहिली असेल, ती आम्ही पुरी करू! प्रॉमिस! आता ये!"

कावळा ओरडत उडून गेला. वारा पडला. पानावरचा भात काळ्या पाण्यात बुडालेला दिसला, आणि कोंदट, शेवाळलेल्या विहिरीचा वास डेकभर पसरला.

सुलेखाच्या हातातला कागद ओलसर झाला होता. तिने तो उलगडला. गिल्बर्टच्या नावाखालच्या कोऱ्या जागेत तपकिरी शाईची ताजी रेघ उतरली होती. रेघेच्या टोकाला सुलेखाचं नाव होतं, आणि त्याखाली एक रिकामा चौकोन, अजून एक नाव मावेल एवढा.

वर, बाळासाठी रंगवलेल्या खोलीत, लोखंडी कड्या किणकिणल्या. चिलखत घातलेलं कोणीतरी जड पावलांनी चालत होतं...

"वचन देऊन बसलीस तू," शुभाताई पुटपुटल्या. "कोणाला, ते न बघता..."

"मोडता नाही येत?"

"पितरांना दिलेलं?... नाही गं."

पावलं जिना उतरू लागली. सुलेखा घाबरली, चांगलीच घाबरली. पण पोटावर हात गेला आणि तिला संताप आला. साडेनऊशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस माझ्या घरात येऊन माझं मूल मागतो? त्याच्या बापाचं घर आहे?

"ओके. मग मोडत नाही. आई, अजून तीन पानं वाढ. खीर जास्त घाल."

तिने डेकच्या टेबलावर कागद पसरला, काळा मार्कर घेतला आणि थोरल्या भावाच्या नावाखाली ठसठशीत लिहिलं: ह्यू. राउल. ओडो. मग जिन्याकडे तोंड करून म्हणाली, "गिल्बर्ट, तुझं काहीही राहिलेलं नाही. तू लढलास, लुटलंस, पोटभर जगलास. इच्छा राहिली ती या पोरांची. वचन त्यांना आहे. तुला नाही!"

शुभाताईंनी तीन पानं मांडून वाढली. "जेवा रे, बाळांनो."

तीन कावळे एकदम उतरले.

पावलं शेवटच्या पायरीवर थांबली. मग खूप खोलवर, पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. कागदावरची तपकिरी रेघ वाळून गेली. गिल्बर्टच्या नावाखाली सुलेखाने 'निर्वंश' असं लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. बॉस्टनवाल्यांना काय वाटायचं ते वाटो.

संध्याकाळी ती बाळाच्या खोलीत गेली. पाळण्यातली नवी गादी ओली होती. गादीवर तीन लहान खळगे होते, कडेला सरकून, मध्ये एकाची जागा ठेवून.

मग तिने घड्या घातलेल्या दुपट्यांतलं एक काढून त्या खळग्यांवर पांघरलं.

"राहा," ती म्हणाली. "पण त्याला आत येऊ द्यायचं नाही. समजलं?"

बाहेर येऊन तिने दार नुसतं लोटलं. पाठमोरी झाली तोच आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

त्या दाराला कडी नाही.