चौथी रेघ

"यातलं एक अक्षरही तुम्हाला पटणार नाही. आणि पटलंच, तर त्याला मी जबाबदार नाही," असं बजावून त्साई आजोबांनी कोहळ्याच्या चहाचा पेला पुढे ओढला.

"आजोबा, मागच्या खेपेला तर तळ्यातला मासा बोलला होता," एकाने टोमणा मारला.

"बोलला नव्हता रे. खोकला होता."

तैवानमधल्या ताइनान शहरातली दुपार टळटळीत होती. कॉलेजच्या फाटकासमोरच्या वडाखाली सिनेमा शिकणारी चार-पाच पोरं भोपळ्याच्या बिया फोडत बसली होती. बाकाच्या टोकाला नव्या वर्गातली एक मुलगी होती. एवढ्या उकाड्यातही तिच्या पायांत लोकरीचे मोजे होते. कुणी तिला अजून नावही विचारलं नव्हतं. ती उजवा कान पुढे करून ऐकत होती. आजोबांनी उभा जन्म कॉलेजच्या सभागृहात प्रोजेक्टर चालवण्यात घालवला आणि निवृत्तीनंतर थापा मारण्यात, हे तिला ठाऊक नसावं.

तर आजोबांची गोष्ट अशी. श्यू पेइचन नावाची मुलगी होती. शेवटचं वर्ष. कुओ शेंगहान या तिच्या मित्राने एक रहस्यपट काढला होता, 'तिसरा जिना' नावाचा. त्यात शेवटी येणाऱ्या, काम करणाऱ्यांच्या नावांच्या पाट्या पेइचनने केलेल्या. काळ्या पडद्यावर पांढरी, बारीक अक्षरं उमटायची, थरथरायची आणि विझायची. सगळ्यात शेवटी तिचं स्वतःचं नाव. सभागृहातल्या मोठ्या खेळाआधी चित्रपट चार ठिकाणी दाखवायचा आणि लोक काय म्हणतात ते ऐकून सुधारायचा, असं ठरलं होतं. शेंगहान प्रेक्षकांना आधी तळलेलं चिकन चारायचा. म्हणायचा, "तोंड तेलकट झालं की माणूस खरं बोलतो."

पहिला खेळ वर्गात झाला. धाकट्या वर्गातली एक पोरगी म्हणाली, "पाट्या झकास आहेत, ताई. पण तुमच्या एकटीच्याच नावाखाली रेघ का?"

"रेघ? कुठे आहे रेघ?"

पेइचनने पाटी पुन्हा लावून पाहिली. रेघ नव्हती. शेंगहान हसला. "फुकटचं चिकन चढलं तिला." पेइचनही हसली. मात्र त्या रात्री तिचे तळवे गार पडले, ओल्या फरशीवर उभं राहिल्यासारखे, आणि ते पुन्हा उबेला आले नाहीत.

दुसरा खेळ देवळाच्या अंगणात झाला. गोमांसाचं सूप विकणाऱ्या मावशी खेळ संपताच उठल्या. "कथा बरी आहे. पण पोरी, नावाच्या खाली एक रेघ, डावीकडे एक रेघ, हे काय आरंभलंयस? अशी चौकट कुणाला घालतात ते माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं! पडद्यावर नावाभोवती चौकट दिसली की प्रेक्षक आपोआप गप्प होतात. काम करणारं माणूस आता या जगात नाही, एवढाच तिचा अर्थ.

"मावशी, मी काही काढलेलं नाही."

"मग कोण काढतंय?" मावशींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता भांडी आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून पेइचनच्या डाव्या कानाने ऐकू येईना.

तिसरा खेळ शेंगहानच्या घरी झाला. त्याची आई पाट्या संपेपर्यंत टक लावून बसली होती. नंतर तिने पेइचनच्या वाडग्यात माशाचा सगळ्यात चांगला तुकडा तेवढा वाढला. निघताना तिने पेइचनचा उजवा हात धरला आणि चटका बसावा तसा सोडला. "बाळ, हात किती गार तुझा. उजवीकडची रेघही आली गं."

आता चौकटीची वरची बाजू तेवढी मोकळी राहिली होती.

"माझं नाव काढून टाक," पेइचन शेंगहानला म्हणाली.

"वेडी झालीस? पाट्या तुझ्या आहेत."

"काढ म्हणते ना!"

चौथ्या खेळाला तिचं नाव नव्हतं. तरी पहिल्याच रांगेतल्या म्हाताऱ्याने हात वर केला. "शेवटी ती रिकामी चौकट कुणासाठी ठेवलीये? वरून उघडीच आहे."

शेंगहान या वेळी हसला नाही. "माझं नाव घाल तिथे," तो हळूच म्हणाला. ते ती कसं करणार?

मग तिला युक्ती सुचली. जगात नसलेलं माणूस घालायचं! शिक्के कोरणाऱ्याच्या बंद पडलेल्या दुकानावर एक आडनाव होतं, ब्येन. ब्येन म्हणजे कड. अख्ख्या शहरात ते कुणी लावत नव्हतं. त्याला तिने संध्याकाळचा 'वान' जोडला आणि बगळ्याचा 'लू'. पुन्हा पुन्हा शोधलं. असं माणूस कुठेच सापडलं नाही.

मोठ्या खेळाला प्रोजेक्टरवर त्साई आजोबाच होते. पाट्या संपल्या.

सभागृह गप्प झालं.

मागून कुणीतरी म्हणालं, "अरेरे. कोण होतं बिचारं?"

अंधारात पेइचनच्या तळव्यांना ऊब आली. डाव्या कानात टाळ्या ऐकू आल्या.

"त्यानंतर तिने माझ्यादेखत दोन वाडगे बर्फ खाल्ला आणि तिसऱ्यासाठी माझा चमचा पळवला," आजोबा म्हणाले. बाकावर सांडलेल्या चहात त्यांनी बोट बुडवलं आणि फळीवर तीन अक्षरं लिहिली. "हे ते नाव. ब्येन वानलू." मग एक रेघ खाली. एक डावीकडे. एक उजवीकडे. "कुणाचं वाईट झालं? कुणाचंच नाही! असं नावच जगात कुणाचं नाही. हवं तर देवळात जाऊन, रीतीप्रमाणे कोंबडा कापून शपथ घेतो." आणि त्यांनी वरची रेघ ओढली.

पोरं हसली. बाकाच्या टोकाची मुलगी वाकून ती अक्षरं वाचत होती.

"खोटं बोलताय, आजोबा," ती म्हणाली. "हे माझं नाव आहे."

त्या उकाड्यात खालच्या तिन्ही रेघा वाळून गेल्या होत्या. चौथी तेवढी ओली होती.