तिसरा पडदा

टेबलावर तीन पडदे शेजारी शेजारी मांडले होते आणि प्रभाकर हुक्केरी जाड कातडी हातमोजे घालून त्यांच्यावर बोटं आपटत होते. चाचणीच्या खोलीत कोणी नवखा आला असता तर त्याला वाटलं असतं, साहेब भाकऱ्या थापतायत. पण ओतशाळेतला क्रेनचालक हातमोजे काढत नाही, आणि मोज्यांतून पडद्याला स्पर्श कळत नसेल तर तो पडदा बाकी कितीही देखणा असला तरी फुकट.

कोल्हापूरजवळच्या नेर्लेकर उद्योगात क्रेनची नियंत्रणं तयार होत, आणि चालकाच्या डोळ्यांसमोर कोणता पडदा बसवायचा हे हुक्केरी ठरवत. ओतशाळेतली बाकी बहुतेक कामं आता यंत्रं आपणहून करू लागली होती. वितळलेल्या लोखंडाने भरलेली बादली माणसांच्या डोक्यावरून नेणारी क्रेन मात्र अजून माणूसच चालवत होता. बादली झोके खाऊ लागली की यंत्र कचकन ब्रेक मारी आणि झोका उलट वाढे. सावकाश, अंदाजाने, झोक्याच्या कलाने घेत थांबणं माणसालाच जमे. म्हणून झोका किती वाढलाय हे पडद्याने सांगायचं आणि थांबायचं चालकाने, अशी वाटणी ठरली होती.

पडदा म्हटलं की आपल्याला घरातला टीव्ही आठवतो. ओतशाळेतल्या पडद्याच्या नशिबी वरून उष्णता, खालून हादरे, सगळीकडून काळी धूळ, आणि समोर लोखंडाच्या रसाचा असा उजेड की साधा पडदा कोरा दिसावा. उन्हात धरलेल्या मोबाइलचं होतं तेच. हुक्केरी हे सगळं मोजून घेत. "काय सुंदर लाल उमटलाय बघा साहेब," असं एक विक्रेता म्हणाला तेव्हा ते म्हणाले होते, "सुंदर राहू दे, आकडा सांगा." ते कधीच नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाहीत, रंगसुद्धा मीटर लावून तपासतात, याचं कंपनीत फार कौतुक होतं. नव्या मुलांना त्यांचं उदाहरण देत.

खरी गोष्ट अशी होती की हुक्केरींना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. दोन्ही त्यांना एकाच मातकट रंगाचे दिसत. शाळेत त्यांनी झाडाला तांबडी पानं काढली होती आणि बाईंनी ती वही वर्गभर फिरवली होती. तेव्हापासून हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला ठाऊक होतं, कारण टोमॅटो निवडायला त्यांना बाजारात धाडून ती एकदाच फसली होती. त्यांचं सगळं काटेकोरपण या एका लाजेवर उभं होतं आणि त्याचे पोवाडे ऐकताना ते कसनुसे हसत.

"आता तिसरा, सर. नाव समदृष्टी," त्यांची सहकारी सानिका मगदूम म्हणाली. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते आणि नवं काही हाती आलं की तिचा चेहरा खुले. "हाही एलसीडीच आहे, द्रवस्फटिकाचाच. पण यात दिसणाऱ्या ठिपक्यांच्या मधेमधे उजेड टिपणारे ठिपके बसवलेत. म्हणजे हा दाखवतोही आणि बघतोही."

"काय बघतो?"

"आपले डोळे. पापणी लवायच्या आत एखादा रंग चमकवतो आणि आपली बाहुली किती आकसते ते मोजतो. दोनेक मिनिटांत त्याला कळतं, समोरच्याला काय दिसतं नि काय नाही. मग त्याप्रमाणे स्वतःला बदलतो. बसा ना, आपोआप होतं."

एलसीडी निवडता निवडता केस पिकले, आता पडदाच आपल्याला निवडणार की काय, असं काहीतरी पुटपुटत हुक्केरी बसले. सानिका पलीकडे उष्णतेचे आकडे पाहत होती. पडद्यावर झोक्याची पट्टी खालीवर होत होती. सुरक्षित असली तर हिरवी, धोक्याची झाली तर लाल. त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळी मातकटच.

आणि मग पट्टी दुभंगली. खालचा भाग निळा झाला, वरच्या भागावर पिवळे तिरपे पट्टे उमटले, आणि मधली सीमा इतकी स्वच्छ दिसू लागली की हुक्केरींना हुंदकाच आला. आयुष्यभर लोकांना हे असं दिसत होतं! ते आनंदाने सानिकाला हाक मारणारच होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या अक्षरांकडे त्यांचं लक्ष गेलं. 'पाहणाऱ्याची दृष्टी: लाल-हिरवा भेद नाही. रंग बदलले.'

त्यांनी मोजा घातलेला पंजा त्या अक्षरांवर ठेवला.

"काय झालं, सर?"

"चकाकतोय फार," ते म्हणाले आणि दुसऱ्या हाताने पडदा बंद केला. "आणि हा उष्णतेत टिकायचा नाही. काळा पडेल."

सानिका गोंधळली. द्रवस्फटिक फार तापला की त्यातली शिस्त मोडते आणि पडदा काळा पडतो, हे खरं होतं. "पण तापवून पाहिलाय आपण, सर. काही झालं नाही त्याला. मीटर लावून दाखवू?"

"मीटर कशाला? मी सांगतोय ना!"

हे वाक्य त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिचा चेहरा पडला. हुक्केरींचे कान तापले, पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही. दुसरा पडदा निवडला गेला. तो झकास उजळ होता, मोज्यांना दाद देत होता, हादऱ्यांत शाबूत राहत होता. त्याची झोक्याची पट्टी तेवढी खालीवर न होता नुसता रंग बदलून बोलत असे. पट्टीला पट्टे द्या, आकार द्या, असं ते त्या उत्पादकाला सांगू शकले असते. पण सांगितलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, कशाला? या प्रश्नाच्या भीतीने त्यांनी इतक्या वर्षांत तशी मागणी एकदाही केली नव्हती.

पडद्याची पहिली खरी चाचणी कंपनीच्याच ओतशाळेत झाली. क्रेनवर दिलावर मुजावर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ओतशाळेतला सर्वांत जुना चालक. त्यांच्या क्रेनवर आजवर जुना फलक होता, खाली हिरवा दिवा, वर लाल. आता दिव्यांच्या जागी नवा पडदा आला होता. पंख्यांच्या आणि भट्टीच्या गोंगाटात धोक्याचा भोंगा ऐकू येणं शक्यच नव्हतं, सगळी भिस्त पट्टीवर.

भरलेली बादली निघाली. साच्यांच्या रांगेजवळ वळताना ती झोके घेऊ लागली. खाली उभ्या सानिकाच्या हातात क्रेनवरचंच चित्र दाखवणारा छोटा जोडपडदा होता, त्यावर पट्टी लाल झाली. तिने वर पाहिलं. क्रेन चालतच होती. "चाचा, थांबा!" ती वायरलेसवर ओरडली, पण तोवर बादलीची कड एका साच्यावर आदळली आणि रस हिंदकळून वाळूत पडला. माणसं पांगली. ओतकाम करणाऱ्या भरमाला पळायला उशीर झाला. त्याचा पाय घोट्यापर्यंत भाजला.

भरमाला दवाखान्यात नेल्यावर मालक, धाकटे नेर्लेकर, खाली आले. त्यांनी दिलावरचाचांना सगळ्यांसमोर विचारलं, "पट्टी लाल झालेली दिसली नाही? पिऊन चढला होता काय?"

चाचांनी मान खाली घातली. "व्हय. घेतली हुती थोडी."

 दिलावर मुजावर सणावारी पेलाभर सरबताच्या पलीकडे कशाला हात न लावणारा माणूस. सानिका "काहीतरीच काय!" असं म्हणालीसुद्धा. हुक्केरींनी मात्र चाचांच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं आणि त्यांना एका क्षणात सगळं समजलं. अशी मान कशासाठी खाली जाते हे त्या आवारात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

चाचा वाळूच्या ढिगाजवळ डबा घेऊन बसले होते, घरी जायला सांगितलं होतं तरी निघाले नव्हते. हुक्केरी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"चाचा, तुम्ही पीत नाही."

"आता पितो म्हणालो न्हवं? झालं."

"पट्टी लाल झालेली तुम्हाला कळलीच नाही. दिवे होते तेव्हा वरचा पेटला की थांबायचं, एवढं पुरत होतं."

चाचांनी चटकन आजूबाजूला पाहिलं. "हळू बोला, सायेब."

"मलाही दिसत नाही," हुक्केरी म्हणाले. "जन्मापासनं."

एवढं बोलायला त्यांना इतकी वर्षं लागली होती. आता चाचा हसतील, खांद्यावर हात ठेवतील, असं त्यांना कुठेतरी वाटलं होतं. चाचांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"मग तुमास्नी ठावं हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"त्यो पडदा आमच्यासारख्याला कसा दिसंल त्ये. मी आपला म्हणत हुतो, शिकलेली माणसं, तेंच्या डोळ्यास्नी सगळं दिसतंय, आमचं ध्यानात आलं नसंल. राग बी न्हवता आला. पर तुमास्नी तर ठावं हुतं की!"

हुक्केरींना तोंड वर करवेना. भरमाचा पाय, त्या अक्षरांवर ठेवलेला आपला पंजा, सानिकाचा पडलेला चेहरा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, वही फिरली होती तेव्हाही नाही. त्या वेळी त्यांचा दोष नव्हता.

"पण प्यायलो असं का सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"दारूचं निघालं तर म्हैनाभर घरी बसवत्यात. डोळ्याचं निघालं तर कायमचं. तपासणीला ठिपक्यांतलं आकडं वाचाय लावत्यात, म्होरल्या गड्याला इचारून पाठ करून जायाचो मी." चाचांनी डब्याचं झाकण लावलं. "मोहल्ल्यात चार माणसं तोंड फिरवतील. फिरवूंदेत. पोटाला तर मिळंल."

हुक्केरींनी त्यांना तिसऱ्या पडद्याचं सांगितलं. निळा भाग, पिवळे पट्टे, ती सीमा. चाचांचे डोळे लकाकले. मग त्यांनी विचारलं, "त्यो कुणाला सांगत न्हाई न्हवं?"

"कोपऱ्यात लिहून दाखवतो. नोंदही ठेवतो."

"मग त्यो बी नगं," चाचा म्हणाले आणि उठले. "भरमाकडं जाऊन येतो. तुमी माझं काय बोलू नगासा, सायेब. तुमचं जाईल त्ये नाव. माझी जाईल ती क्रेन."

दुसऱ्या दिवशी नेर्लेकरांच्या दालनात बैठक होती. हुक्केरी तिसरा पडदा स्वतः उचलून घेऊन आले. त्यांनी तो भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला आणि ते तिसऱ्यासमोर बसले. थोड्या वेळाने भिंतीवर पट्टी दुभंगली आणि कोपऱ्यात हातभर मोठी अक्षरं उमटली. या वेळी त्यांनी ती झाकली नाहीत.

"हा पडदा उष्णतेत टिकत नाही, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं," ते म्हणाले.  "हा मला ओळखेल म्हणून मी तो नाकारला. सानिकाचं बरोबर होतं. भरमाचा पाय माझ्यामुळे भाजला."

 सानिका आपल्या हातांकडे बघत होती. नेर्लेकर उठले, त्यांच्याजवळ आले आणि चक्क त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो हुक्केरी, एवढंच ना? आधी सांगायचं की! रंग बघायला ही मुलगी आहे, मीटर आहेत. तुमच्यासारख्या माणसाची नोकरी अशाने थोडीच जाते?"

शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जी भीती त्यांनी जन्मभर उराशी बाळगली, जिच्यापायी एक माणूस भाजला आणि एकाने न प्यालेली दारू कबूल केली, तिची किंमत पाठीवरच्या एका थापेएवढी निघाली. त्यांच्या बाबतीत तरी.

"माझी एक अट आहे," ते कसेबसे म्हणाले. "ही कोपऱ्यातली अक्षरं बंद करायची. नोंदही ठेवायची नाही. पडद्याने चालकाशी जुळवून घ्यावं आणि ते दोघांतच राहावं."

"ते कसं जमणार?" नेर्लेकरांनी विचारलं, आणि त्यांच्या स्वरात खोच नव्हती. "पडदा बिघडला, जुळवणी बंद पडली, तर खाली उभ्या असलेल्या माणसांनी काय करायचं? वर कोण बसलंय हे त्यांना कळायला नको? विमावाले तर पहिलं हेच मागतील. उद्या सगळ्या चालकांना याच्यासमोर बसवू. कोणकोण आहे ते एकदा कळू दे."

सानिकाने मान वर केली. "सर, वीस-पंचवीस पुरुषांमागे एक तरी असा निघतोच. ते आजवर क्रेन चालवतच होते ना? दिवे वरखाली होते तोवर काही झालं नाही. पट्टी आपण बदलली."

 नेर्लेकरांनी भिंतीवरच्या त्या अक्षरांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली.

"हुक्केरी," ते म्हणाले, "काल दिलावर खरंच प्यायला होता का?"

हो म्हटलं तर न पिणारा माणूस कायमचा दारुडा ठरणार होता, आणि घरी बसवल्यामुळे उद्याची तपासणी चुकून तीच क्रेन, तीच पट्टी घेऊन महिन्याने परत भरमासारख्यांच्या डोक्यावर येणार होता. नाही म्हटलं तर तो पुन्हा क्रेनवर चढणार नव्हता. स्वतःची लाज हुक्केरींनी आत्ताच सगळ्यांसमोर उघडी केली होती आणि ती त्यांना पेलली होती. पण दुसऱ्याची लाज उघडी करायचा हक्क त्यांना कोणी दिला होता, आणि ती झाकून ठेवायचा तरी कोणी?