साहेबाच्या डोक्यावरची पिसं

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला आता फरक पडत नाही.

मंगळवार होता. दुपारचे सव्वाचार. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर.

ताईला जाऊन अठरा दिवस झाले होते.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. दोघींचीही लग्नं झाली नाहीत, त्यामुळे शेवटपर्यंत एकत्रच राहिलो. ती घरी बसून कपडे दुरुस्त करायची. मी डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. "तू लोकांना दात दे," ती म्हणायची, "ते खाऊन सुटले, की मी त्यांच्या कमरा सैल करून देते."

घरातलं तिसरं माणूस म्हणजे साहेब.

साहेब हा ताईनं पाळलेला कॉकेटील, पोपटाच्या जातीचा लहानसा पक्षी. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर नारिंगी ठिपके आणि डोक्यावर तुरा. तुरा उभारून असा बघायचा, की आपली फाईल त्याच्याच टेबलावर अडकलीय असं वाटावं. त्याच्या पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडंच असे. तो ताईच्या शिलाई मशीनवर बसायचा आणि मान खाली घालायचा. मग ताई अंगठ्याच्या नखानं त्याचं डोकं खाजवायची. खाजवता खाजवता तिचं काम राहून जायचं.

मला मात्र तो चावायचा. दोन्ही हातांवर अजून खुणा आहेत.

ताई चार दिवसांच्या तापात गेली. न्यूमोनिया. मी रडले नाही. सहाव्या दिवशी कामावर गेले आणि दोन कवळ्या पूर्ण केल्या. मेण कापताना हातसुद्धा हलला नाही. लॅबमधले सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे.

खंबीर नव्हते. आत काही नव्हतंच.

पहिल्यांदा लक्षात आली ती शीळ.

कोणी नजरेआड गेलं, की साहेब दोन सुरांची शीळ घालतो. ताई असेल तिथून ओरडायची, "आले रे, आले!" मग तो गप्प बसायचा. ती गेल्यावर तो दिवसभर शीळ घालत राहिला. मी उत्तर दिलं नाही. मला सुचलंच नाही.

नवव्या-दहाव्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. त्यानं शीळ घातली.

थांबला.

आणि मग... चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर घासायला लागला. करकर, करकर. हा पक्षी समाधानानं पेंगायला लागला, की असा आवाज करतो.

त्याला उत्तर मिळालं होतं.

मी भांडी घासत राहिले.

आता तो मंगळवार. लॅबमधली भट्टी बिघडली, म्हणून मी लवकर घरी आले. ताईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. साहेब मशीनवर बसला होता. समोर तिची रिकामी खुर्ची.

त्यानं मान खाली घातलेली.

पंखा बंद. खिडकी बंद.

आणि त्याच्या मानेवरची पिसं... हलत होती.

आधी डावीकडची. दुभंगत होती, उचलली जात होती, परत बसत होती. मग त्यानं स्वतःच डोकं वळवून दुसरा गाल पुढे केला. आता उजवीकडची पिसं हलायला लागली.

मध्येच तो "चीं" करून कुरकुरला. कोवळ्या जागी नख लागलं, की तो असा ओरडतो.

पिसं थांबली.

दोन-तीन क्षण गेले. त्यानं पुन्हा मान खाली घातली... आणि पुन्हा ती हलायला लागली. यावेळी हळू.

भीती वाटली नाही, हे खरं सांगते. मी दार लोटलं आणि चहा टाकला. चहात साखर घालायची राहिली, हे कप धुताना कळलं.

शनिवारी मी साहेबाला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्कर बाई, बडबड्या. मी फक्त शिळेचं आणि मान खाली घालण्याचं सांगितलं.

"शीळ म्हणजे कळपाला हाक," त्या म्हणाल्या. "मान खाली घातली म्हणजे डोकं खाजवा. वेडा नाही हो हा, आठवण काढतोय." मग टॉवेलात गुंडाळून त्यांनी त्याचं डोकं भिंगाखाली धरलं.

"अरे वा! पिसं बदलतायत. किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही!"

"म्हणजे?"

"नवं पीस येतं ना, ते मेणचट नळीत गुंडाळलेलं असतं. ती नळी फोडावी लागते. अंगावरची तो चोचीनं फोडतो. पण डोक्यावर चोच पोचणार कशी? तिथं दुसरा पक्षी लागतो, नाहीतर माणसाचं नख. एकट्या पक्ष्याचं डोकं कसं काटेरी होतं. याचं बघा! एकही पीस दुखावलेलं नाही. हात चांगला आहे तुमचा."

त्यानं चावे घेतलेले माझे हात मी पर्सखाली लपवले.

"थँक्यू," मी म्हणाले.

सोमवारी कामावर जाताना ताईच्या कपड्यांतलं काळं कापड काढलं आणि तिच्या खुर्चीवर पसरलं. संध्याकाळी येऊन पाहिलं.

कापडावर पांढरी भुकटी होती.

मी दिवसभर प्लास्टरमध्ये हात घालणारी बाई. म्हटलं, आपल्याच कपड्यांवरची असेल. पाण्याचा थेंब टाकला. प्लास्टर पाणी पितं. ही भुकटी वर तरंगली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेऊन भिंगाखाली पाहिली. बारीक बारीक फुटलेल्या नळ्या.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

भुकटी खुर्चीच्या कडांवर होती. खुर्चीच्या हातांवर होती. खाली फरशीवरही होती.

मध्ये मात्र... काळं कापड स्वच्छ होतं. कोणी मांडीवर झेलून घ्यावी, तेवढी जागा.

त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. गावाला जायचंय म्हणून खोटं बोलले आणि साहेबाला आठवडाभर त्यांच्याकडे ठेवून आले. पिंजरा तिथे होताच, त्यामुळे आमचा घरीच राहिला. रिकामा पिंजरा बघवेना, म्हणून त्याचं दार लावून टाकलं.

पहिल्या संध्याकाळी घरी आले. पिंजऱ्याचं दार उघडं होतं.

मी लावलं.

दुसऱ्या दिवशीही उघडं. पुन्हा लावलं, वर तार पिळली.

तिसऱ्या दिवशी तार उलगडून मशीनवर ठेवलेली होती. सरळ करून. शिवणकामातली सुई ठेवावी तशी.

चौथ्या दिवशी पिंजरा उघडा होता. ताईचं कपाट उघडं होतं. स्वयंपाकघरातले खालचे सगळे खण उघडे होते.

आणि... माझ्या खोलीचं दार. पलंगावरची चादर पायाशी दुमडून ठेवलेली. उशी उचलून बाजूला.

मी चादर नीट केली. खण लावले. मग जमिनीवर बसून राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई.

"अहो, लवकर या बाई. हा दाण्याला तोंड लावत नाही. डोक्यावर नुसते काटे उगवलेत, आणि हात लावू देत नाही कोणाला. शीळ घालतो आणि कान देऊन बसतो."

मी तशीच निघाले. घरी आणून त्याला मशीनवर ठेवला, ताईच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "किल्ली विसरलीस का गं?" मी हो म्हटलं.

तासाभरानं आत गेले. साहेब पेंगत होता. डोकं गुळगुळीत.

तेव्हापासून चार ते पाच मी त्या खोलीत जात नाही. सुट्टी असली, तर जिन्यात बसते. घरात बाकी काही होत नाही. खण लावलेले असतात. माझी उशी जागेवर असते.

मागच्या महिन्यात त्याची नखं कापायला नेलं होतं. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. "ठणठणीत आहे! सात वर्षांचा ना? नीट जपलात, तर आणखी दहा-बारा वर्षं कुठे गेली नाहीत."

त्यांना वाटलं, मला आनंद होईल.

मी एक्कावन्न वर्षांची आहे. दहा-बारा वर्षांनी त्याचा पिंजरा कायमचा रिकामा होणार. त्या चार दिवसांत ती एकेक खण उघडत माझ्या उशीपर्यंत आली होती. पाचव्या दिवशी तिनं कुठे पाहिलं असतं, हा विचार मी करत नाही. निदान कामावर असताना तरी नाही.

काल सकाळी साहेबाला एक शिंक आली.

मी लॅबमधून रजा घेतली.