रेसवरचा पाय

"शेल्डन अंकल, ह्या कम्प्युटरचा आधीचा मालक जिवंत आहे का?"

फेलिशियाने विचारलं, आणि रस्त्यापलीकडे सँडविचच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या संपदा आणि अनुष्का ह्या तिच्या मैत्रिणींनी तोंडावर हात दाबले. पैज त्यांनीच लावली होती. वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून आपण कुणालाही काहीही विचारू शकतो, असं फेलिशिया वर्गभर सांगत फिरायची. मग विचारून दाखव, म्हणाल्या, माणिकपूरच्या त्या गॅरेजवाल्याला.

शेल्डन बॉनेटखालून वर आला, हसला. मालक कसला, म्हणाला, हा तर नुसता इंजिनाचा मेंदू. जुलैत सोसायटीच्या आवारात पाणी भरलं तेव्हा तिच्या पप्पांच्या टर्बो गाडीचा कम्प्युटर भिजून गेला होता. नवा यायला महिने लागणार होते, म्हणून शेल्डनने भंगारातल्या तसल्याच एका गाडीतला आणून बसवला. तो आधीच रिमॅप केलेला होता. कुणीतरी हौसेने आतले कंपनीचे आकडे बदलून इंजिनाला आपल्या मनासारखी चाल लावली होती. खरं तर असा कम्प्युटर बसवताना आतलं सगळं पुसून कंपनीचा प्रोग्रॅम घालायचा असतो. शेल्डनने फक्त पप्पांची किल्ली लागावी एवढीच ओळख बदलली.

"इतकं सुरेख काम होतं, पुसायला मन होईना," तो म्हणाला.

आधीचा मालक जिवंत आहे का, ते मात्र राहूनच गेलं. फडक्याला हात पुसून तो पुन्हा बॉनेटखाली वाकला. रस्ता ओलांडून परत जाताना फेलिशियाला पैज जिंकल्यासारखं वाटलं नाही.

मैत्रिणींना ती गंमत वाटत होती, कारण त्या गाडीत बसल्या नव्हत्या. मम्मीचं माहेर भुईगावात. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तिघं तिकडे जेवायला जायची. कम्प्युटर बसवल्यानंतरच्या पहिल्या रविवारी गिरीजच्या केळीच्या वाड्या मागे पडल्या, रस्त्याकडेचा क्रूस गेला, आणि त्यापुढच्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदम मऊ झाला. कुणी अलगद पाय उचलावा तसा. पप्पांनी पाय उचललेला नव्हता. क्रुसाला मान देते आपली गाडी, असं म्हणून ते हसले. पण क्रूस तर केव्हाच मागे राहिला होता.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. ह्या वेळी पप्पांनी क्लच दाबून गाडी डाव्या कडेला घेतली आणि ब्रेक मारला. गाडी थांबली ती एका हिरव्या गेटसमोर. उभ्या गाडीचं इंजिन दोनदा गुरगुरलं. छोटंसं, लाडात आल्यासारखं. गेटमागच्या बैठ्या घराची खिडकी उघडली. कुणी दिसलं नाही.

त्या दिवसापासून मम्मी म्हणू लागली की ते आतलं काय आहे ते पुसून टाका. पप्पांनाही ते पटलं होतं. पप्पा, म्हणजे फर्डिनंड सर, शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. त्यांना फक्त आधी कारण हवं होतं. म्हणून तिसऱ्या रविवारी त्यांनी शेल्डनलाच बरोबर घेतलं. मम्मी रिक्षाने पुढे गेली. शेल्डन मागच्या सीटवर लॅपटॉप उघडून बसला, त्याची वायर स्टिअरिंगखाली जोडलेली. फेलिशिया पुढे, पप्पांच्या डाव्या हाताला. ऊन चांगलं कडक होतं.

वळण आलं. आवाज मऊ झाला. पप्पांनी गाडी गेटसमोर उभी केली.

"फर्डिनंड सर, रेसवरून पाय काढा," शेल्डन म्हणाला.

"काढलाय."

फेलिशियाने खाली वाकून बघितलं. पप्पांचा एक पाय क्लचवर होता, एक ब्रेकवर. ॲक्सिलरेटरचं पेडल मोकळं होतं आणि तरीही खाली दबलेलं होतं. ते वर आलं, पुन्हा दबलं. इंजिन दोनदा गुरगुरलं.

मागे शेल्डनने लॅपटॉप मिटला.

गेट उघडून एक बाई आली. साठीची असेल, केस नीट विंचरलेले, पदराला हात पुसत. तिने फेलिशियाच्या बाजूच्या खिडकीतून स्टीलचा डबा आत दिला. तो इतका गरम होता की फेलिशियाने तो स्कर्टमध्येच धरला.

"भाकरी आहे, आणि सुक्या बोंबलाची चटणी," बाई म्हणाली. "झाकण सैल झालंय. सांभाळून ने."

ती फेलिशियाशी बोलत नव्हती. पप्पांशीही नाही. पप्पांच्या चेहऱ्याच्या थोडं वर, उंच माणूस बसला असता तर जिथे त्याचे डोळे आले असते, तिथे ती बघत होती. मग हलकेच हसली आणि आत गेली.

डब्याच्या कडेवर नाव कोरलं होतं. जेन्सन.

वाडीत पाणी सोडत असलेला तिचा मोठा मुलगा, ज्युलियस, धावत बाहेर आला. जे सांगायचं ते त्याने रस्त्यावरच, खाली मान घालून सांगितलं. जेन्सन त्याचा धाकटा भाऊ. गाडीचं वेड. कामावर जाताना गेटसमोर दोनदा रेस द्यायचा आणि आई जुलियाना गाडीच्या खिडकीतून डबा द्यायची. इंजिन चालूच ठेवून तो तिथे रेंगाळायचा, निघायची घाई नसे. फेब्रुवारीत हायवेवरच्या अपघातात गेला. गाडी भंगारात दिली. त्यानंतर आईने चूल पेटवली नाही. कुणी भरवलं तर दोन घास.

"मागच्या रविवारी तुमची गाडी थांबली," तो म्हणाला. "संध्याकाळी आईने पीठ मळलं. स्वतः जेवली. आता रोज जेवते."

फेलिशियाने विचारलं, त्यांना कमी दिसतं का.

"नाही गं. नजर चांगली आहे तिची. मी वाडीच्या पार टोकाला असलो तरी ती गेटवरून ओळखते." कम्प्युटरचं सगळं शेल्डनकडून ऐकून तो पप्पांकडे वळला. "सर, तुम्ही ते काढणार आहात का?"

पप्पांनी गिअर टाकला. परतीच्या वाटेवर त्यांनी शेल्डनला सांगितलं, उद्या संध्याकाळी पुसून टाक. शेल्डन बरं म्हणाला.

मम्मीने डबा घरात आणू दिला नाही. मेलेल्या पोराच्या नावाचं अन्न, ते खाऊ कसं आणि टाकू कसं, म्हणत तिने डोळे पुसले. डबा भरलेला तसाच मागच्या सीटवर राहिला. गाडीला कुलूप, किल्ली नेहमीसारखी खिळ्याला.

सकाळी फेलिशिया शाळेचं दप्तर घेऊन खाली गेली. पप्पा मागे होते. कुलूप त्यांनीच उघडलं.

डबा मागच्या सीटवर नव्हता.

तो ड्रायव्हरच्या सीटवर होता. धुतलेला, पालथा. शेजारी झाकण.

सीटच्या कापडावर पाण्याचं ओलं वर्तुळ होतं.

फेलिशियाने डबा उचलला आणि जिना चढून वर आली. मम्मी चहा गाळत होती. पप्पा तिच्या मागोमाग येऊन दारातच उभे राहिले. तिने डबा टेबलावर ठेवला. वक्तृत्वाच्या स्पर्धेत जसा आवाज लावायची तसा तिला लावायचा होता. तो लागला नाही. साध्या आवाजात ती म्हणाली,

"कम्प्युटर पुसायचा नाही. येत्या रविवारी रिकामा डबा मी नेऊन देणार, आणि दर रविवारी भरलेला घेणार. आणि पप्पा, क्रुसापासून पुढे तुम्ही उजवा पाय जरा आवरून बसत जा. त्याला अडचण होते."