उष्टी काच

"काच कोरडी असतानाच थुंकायचं, ताई. बोटानं सगळीकडे पसरवायचं आणि मग पाण्यात एकदाच बुडवायची. दोनदा नाही. चोळून धुतलीस की सगळं गेलं."

अमृतचा हा आवाज वासंतीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. पाणबुड्याचा मास्क गुडघ्यावर ठेवून तो सांगायचा आणि ती तोंडाला पदर लावायची. "शी! देवघरासमोर बसून काय रे हे बोलणं?"

"देवाला न्हाय सांगत, तुला सांगतोय," म्हणून तो हसायचा.

भाईंदर पश्चिमेला, जुन्या मिठागरांच्या वाटेवरच्या इमारतीत तिघांचं घर. लग्न न केलेली वासंती, धाकटा भाऊ अमृत आणि त्याची बायको हेमांगी. वडील मिठागरात राबले, अमृत पाण्यात उतरला. एका ठेकेदारासाठी खाडीतले खांब पाण्याखालून तपासायचं त्याचं काम. खाडीचं पाणी चहासारखं गढूळ, स्वतःचा हात दिसायचा नाही. पण टाकीत हवा किती उरली ते सांगणाऱ्या घड्याळाचा काटा मात्र डोळ्यांपाशी धरून वाचावाच लागे. काचेवर आतून वाफ धरली की काटा गेला.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजायची, हा वडिलांच्या फावड्यापासून चालत आलेला रिवाज. वासंतीने मास्क गंगाजळाने धुतला, पट्ट्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडू वाहिला. दसऱ्याच्या सकाळी अमृत मुहूर्ताची एक बुडी मारायला निघाला, तेव्हा ती दारात आडवी आली. हेमांगी आत अंघोळीला गेली होती.

"आज त्यात थुंकू नकोस. पूजलेली वस्तू आहे, उष्टी नको करूस."

"अगं, वाफ धरेल."

"एकच दिवस. माझा चातुर्मास चाललाय, अमृत."

तिचा शब्द तो मोडत नसे. चप्पल घालता घालता म्हणाला, "आणि खाली काही दिसलं नाही तर? येशील थुंकायला?"

"येईन हो. हाक मार."

"बघ हां. शब्द दिलायस."

दहाच्या सुमाराला तो जेटीवरून पाण्यात उतरला. वर आला नाही. तीन दिवस होड्या फिरल्या. चौथ्या दिवशी त्याच्या जोडीने काम करणारा कुलदीप मास्क घेऊन दारात उभा राहिला.

"वासंतीदीदी, सिर्फ यही ऊपर आया," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पट्टा वैसा का वैसा टाइट है."

हेमांगीने मंगळसूत्र काढलं नाही. रोज एक ताट जास्त वाढायची. "ते सापडले नाहीत ना, वन्सं? मग?" वासंती मान खाली घालायची. दारातलं बोलणं तिने हेमांगीला सांगितलं नव्हतं. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज तुळशीला पाणी घालून परत यायची.

मास्क तिने देवघराखालच्या फळीवर ठेवला. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी ती जपाला बसली होती. घड्याळात दहा वाजले आणि काचेवर वाफ धरली. आतल्या बाजूने. नाकाच्या खोबणीपासून वर पसरली, विरली, पुन्हा धरली. माळेचे चार मणी सरले की एकदा.

तिने पंखा बंद केला. खिडकी लावली. पदराने काच पुसली. पदर कोरडाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा तेच. वाफ धरू नये म्हणून तिने टूथपेस्ट चोळून पाहिली. बटाट्याची फोड फिरवली. कुलदीपला फोन करून विचारलं, त्याने सांगितलेला लहान मुलांचा शाम्पू आणून लावला. वाफ धरायची ती धरायचीच.

तिने पुन्हा फोन केला.

"सूखे में रखा है ना?" कुलदीप म्हणाला. "फिर तो नहीं होगा, दीदी. भाप तो साँस से आती है." मग त्याने आवाज खाली आणला. "घर में कौन पहनता है उसको?"

वासंतीने फोन ठेवला.

आठवड्याभरात दोन वाफांमध्ये सात मणी सरू लागले. मग अकरा. वाफही आटत चालली, आता जेमतेम रुपयाएवढी उमटायची. पुढची येईपर्यंत वासंती स्वतःचा श्वास रोखून धरायची.

कार्तिकी एकादशीला तिचा निर्जळी उपास होता. दहा वाजले. एकोणीस मण्यांनी काचेवर नखाएवढा डाग उमटला आणि विरला.

स्वयंपाकघरातून हेमांगीचा आवाज आला, "वन्सं, खाडीचा वास येतोय का हो तुम्हाला?"

वासंतीने मास्क हातात घेतला. देवासमोर, व्रतात, तोंडापाशी धरला. घसा कोरडा ठणठणीत होता, पहाटेपासून थेंब नव्हता गेला.

मग जिभेखाली पाणी भरलं.

खारट. किंचित चिखलट. मिठागरवाल्याची मुलगी ती, भरतीचं पाणी तिने चवीवरून ओळखलं.

ती थुंकली.

बोटाने पसरवलं. तांब्यातलं पाणी परातीत ओतून मास्क बुडवला. एकदाच.

काच स्वच्छ झाली. पण पलीकडे परात नव्हती. चहाच्या रंगाचा अंधार होता, आणि त्यात, कुणीतरी डोळ्यांपाशी धरावं तसं एक गोल घड्याळ. थरथरत होतं. काटा हवा संपत आल्याच्या लाल पट्टीच्या केसभर वर होता.

वासंती उठली. मास्क पदराखाली घेतला.

"कुठे निघालात उपाशीपोटी?" हेमांगी दारात आली.

"जेटीवर." वासंतीने या वेळी मान खाली घातली नाही. "त्या दिवशी मीच त्याला थुंकू दिलं नाही, हेमांगी. हाक मारलीस तर येईन म्हणाले होते."

हेमांगीच्या हातातून पळी खाली पडली, ती तिने उचलली नाही.

वासंती जिना उतरू लागली. बोटांत माळ फिरत होती. वीस. एकवीस. बावीस. पदर किंचित बाजूला करून तिने पाहिलं.

काच अजून स्वच्छच होती. थुंकीने, की श्वासच उरला नव्हता म्हणून?

तिने भरभर पावलं उचलली.