पुलावरचा बर्फ

व्हर्ना माकेलाने अंगातला कोटही काढला नाही. "माझी लेक अ‍ॅनिका पूल मोडून नदीत गेली, आणि नगरपालिका म्हणते पूल कुजलाय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं!"

खासगी गुप्तहेर आयला कोस्किनेनने तिच्यापुढे कॉफी सरकवली. आयलाचा कामातला जोडीदार बर्ट, निवृत्त पोस्टमन, नेहमीसारखा समजण्यात मागे पडला होता. "ठाऊक नसलं म्हणून काय झालं? पूल त्यांचाच ना?"

"अरे बाबा," आयला म्हणाली, "राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उलटच ठरवलंय. आधी माहीत होतं असं सिद्ध केलं तरच नगरपालिका जबाबदार. पण गेल्याच महिन्यात त्यांचा दुसरा निकाल आलाय. कामाबद्दलचे मेसेज स्वतःच्या फोनवर असले, तरी ती सरकारी नोंद. मागितली की द्यायची. फक्त, ते मेसेज असणार असं ठोस कारण दाखवावं लागतं."

"मी मागितले. नाहीतच म्हणाले मेले!"

आयला आणि बर्ट पुलावर गेली. मधल्या फळ्या नदीत गेल्या होत्या. बर्टला खाली बघवेना. भगदाडाच्या कडेने जुना, तुडवलेला बर्फ तसाच होता. दोन्ही टोकं मात्र साफ. तिथल्या फळ्यांवर उन्हाळ्यात दिलेला हिरवा रंग कोरा करकरीत. पुलाकडे येणाऱ्या काँक्रीटच्या पायवाटेवर मात्र बर्फ ढकलणाऱ्या ट्रॅक्टरच्या पात्याचे ओरखडेच ओरखडे.

"ट्रॅक्टर रोज पुलावरून जायचा," नगरपालिकेचा बांधकामप्रमुख डग्लस प्रुइट आपल्या कार्यालयात गुरगुरला. "सकाळी मी माझ्या फोनवरून मेसेज करतो, लेनर्ड बर्फ काढतो. एकच तर ड्रायव्हर आहे. आणखी काय हवंय?"

लेनर्ड म्हणजे व्हर्नाचा थोरला भाऊ. त्याने कप बोटांच्या टोकांनी धरला होता. तळव्यांना पट्ट्या होत्या. "मी आपला ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये बसून असतो," तो पुटपुटला. "मला काय कळणार?" बर्टला त्याची फार दया आली.

संध्याकाळी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात आयलाने सगळ्यांना बसवलं. प्रुइटही तोऱ्यात आला.

"पोलादी पातं रोज फिरलं असतं, तर रंग खरवडला असता," ती म्हणाली. "पुलावर ट्रॅक्टर गेलाच नाही. बर्फ फावड्याने काढला. केबिनमध्ये बसणाऱ्याच्या तळव्यांना फोड कसे आले, लेनर्ड?"

लेनर्डने हात टेबलाखाली घेतले.

"दारात ट्रॅक्टर असताना फावडं कोण मारेल? पूल वजन पेलणार नाही हे माहीत असलेला. आणि रोजचा हुकूम फोनवर मेसेजने यायचा. प्रुइटसाहेब, ते मेसेज मागायला न्यायालयाला एवढं कारण पुरे."

"मूर्खपणा!" प्रुइट ओरडला, पण आवाज चिरकला.

"पूल कुजलाय हे मीच त्यांना कळवलं होतं," लेनर्ड म्हणाला. "म्हणाले गप्प बस, फावडं मार, वसंतात बघू. पेन्शनला वर्ष राहिलंय गं माझं. वाटलं, माणसाचं वजन पेलेल."

"नाही वाटलं," आयला शांतपणे म्हणाली. "दोन्ही टोकांकडून फावडं मारलंस. मधला बर्फ तसाच राहिला, कारण मधे तू पाय ठेवला नाहीस."

व्हर्ना उठून भावासमोर उभी राहिली.

"दादा, ती रोज त्याच पुलावरून शाळेत जायची. तुला हात करायची."

लेनर्ड ओक्साबोक्शी रडू लागला. तिने त्याला हात लावला नाही.

"आयला, अर्ज लिही," ती म्हणाली. "दोघांच्या फोनवरचे मेसेज माग. आधी या माझ्या भावाच्या."