रेव्हरंड थेअरांच्या स्तंभावरची चादर

शुक्रवारी सकाळी रोजचं स्तोत्र म्हणून झालं आणि मी उपाशीपोटीच दफनभूमीत गेले. रविवारी रेव्हरंड थेअरांच्या स्मारकाचं अनावरण होतं. गुरुवारी संध्याकाळी मीच शिवलेली चादर दगडी स्तंभावर चढवून दोरीच्या तीन गाठी मारल्या होत्या. ती नीट आहे ना, एवढंच बघायचं होतं.

चादर पायथ्याच्या दगडावर होती. चौपदरी घडी. शेजारी दोरीचं वेटोळं. मातीचा डागसुद्धा नव्हता.

तेवढ्यात चर्चचे कारभारी डीकन विल्बर घोडागाडीतून उतरले. चादरीचं कापड त्यांच्या दुकानातलं, त्यांनीच देणगी दिलेलं.

"फाटकाची किल्ली कोणाकडे असते?" उत्तर ठाऊक असूनही त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे," राखणदार डोर्सी फाटकाकडून येत म्हणाले. "पण डीकनसाहेब, तीस वर्षं मी मेलेल्यांवर पांघरूण घालतोय. काढलेलं एकदाही नाही."

"जीभ फार चालते तुझी. उद्या पुन्हा असं दिसलं तर किल्ली माझ्या हातात द्यायची आणि फाटकाजवळची खोली रिकामी करायची."

डोर्सी सत्तरीचे. गुलाम असताना मालकाच्या तावडीतून मेरीलँडहून पळून आले, तेव्हा रेव्हरंड थेअरांनी त्यांना आपल्या पोटमाळ्यावर लपवलं होतं. पुढे थेअरांची कबर डोर्सींनीच खणली. त्या खोलीखेरीज त्यांना दुसरा आसरा नव्हता.

मी चादर पुन्हा चढवली, दोरी ओली करून गाठी आवळल्या आणि समोरच बाकावर बसले. डोर्सीही शेजारी बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"हात नीट बघून ठेवा, मिस लोइस. उद्या साक्ष द्यायची आहे."

"गप्प बसा हो."

वारा नव्हता. मेपलचं पान हलत नव्हतं. दुपारी तीनच्या सुमारास वरची गाठ सुटली.

कोणी नखाने उकलावी तशी सुटली. मग दुसरी. मग तिसरी. चादर हळूहळू खाली आली, काठाला काठ लागला, मधली सुरकुती सपाट झाली. मला भीती वाटायला हवी होती. पण मी बाकावरून पुढे वाकून बघत राहिले. परक्याची वस्तू परत पाठवताना घालावी, तशी ती घडी होती.

डोर्सींनी कापडाचा कोपरा चिमटीत चोळला. "हे सुती आहे."

"मग? सगळ्यांचंच असतं."

"त्यांच्या घरात नव्हतं."

खरंच नव्हतं. गुलामांना राबवून पिकवलेलं काही विकत घ्यायचं नाही, हा थेअरांचा नेम. त्यांच्या घरी उसाची साखर नाही, कापसाचा धागा नाही. त्यांचं बघून गावातल्या कितीजणींनी तो नेम धरला. मी चहात अजून मेपलच्या झाडाच्या रसाचीच साखर घालते. कापसाचा नेम मात्र कधी सुटला, मलाही आठवत नाही.

"पण गुलामगिरी संपून तीस वर्षं झाली," मी म्हटलं.

"माझ्या बहिणीला मिसिसिपीत विकली होती. तिचा मुलगा तिथे तुरुंगात आहे, मिस लोइस. पायात साखळी घालून कापूस वेचतो."

मी घरी जाऊन आईच्या लिननच्या, कापसाचा धागा नसलेल्या चादरी काढल्या, जोडल्या आणि दिवस मावळायच्या आत स्तंभावर चढवल्या.

शनिवारी सकाळी तिन्ही गाठी जागच्या जागी होत्या.

डीकन आले. "माझं कापड कुठाय?"

"त्यांना नको आहे," मी म्हणाले.

"कोणाला?"

डोर्सींनी स्तंभाकडे नुसतं पाहिलं.

"थट्टा करता माझी? आण ती किल्ली."

डोर्सींनी किल्ली पुढे केली. डीकनांनी आपला हात पुढे केला.

आणि तो तिथेच थांबला.

काही ऐकू येत असावं तसे ते उभे राहिले. मग हात मागे घेतला, कोट चाचपला आणि त्याची बटणं एकेक करून गळ्यापर्यंत लावली. जून महिना होता.

"असू दे तुझ्याकडे," ते म्हणाले, आणि वळून न बघता गाडीत चढले.

डोर्सींनी किल्ली खिशात टाकली. मी पायथ्याकडे पाहिलं.

तिथे एक पांढरा सुती सदरा होता. चौपदरी घडी, गळपट्टीवर डीकनांच्या नावाची अक्षरं. त्याची सगळी बटणं लावलेली होती. मी हात ठेवला. कापड अजून कोमट होतं.